जवारी हरवलेला अ‍ॅम्प्लिफायर: टोन कंट्रोलच्या एका दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

मिरजेत राहणाऱ्या एका निवृत्त संगीत शिक्षकांचा अ‍ॅम्प्लिफायर गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे दुरुस्तीसाठी आला. आसपासचे सगळे त्यांना बुवा म्हणतात, म्हणून येथे मीही तेच संबोधन वापरतो. अ‍ॅम्प्लिफायर भारतीय बनावटीचा, स्टिरिओ, जवळपास तीस वर्षांचा, आणि समोरच्या पट्टीवर व्हॉल्यूम, बॅलन्स, बास व ट्रेबल अशी चारच बटणे असलेला होता. त्यांची तक्रार मी त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतली: "अहो, तंबोरा वाजतोय हे कळतं, पण जवारी बोलत नाही. आणि खर्ज तर गेलाच." जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेतून उमलणारी वरच्या स्वरांची झळाळी, आणि खर्ज म्हणजे त्याचा सर्वांत खालचा स्वर.

मागची हकिकत विचारल्यावर काही गोष्टी पुढे आल्या. सहा-सात महिन्यांपूर्वी बासचे बटण फिरवताना उजव्या स्पीकरमधून खरखर येऊ लागली होती. गावातल्याच एका मेकॅनिकने बास आणि ट्रेबल या दोन्हींचे पॉट (बटणामागचे, फिरवल्यावर रोध बदलणारे भाग) बदलून दिले आणि खरखर थांबली. मात्र त्याच दिवसापासून आवाज पातळ झाला, आणि चार महिन्यांनी खरखरही परत आली. मेकॅनिकचे म्हणणे असे पडले की आता स्पीकर संपले आहेत, ते नवे घ्यावेत. बुवांना ते पटले नाही, कारण बासचे बटण जवळजवळ शेवटपर्यंत नेले की याच स्पीकरमधून अचानक भरपूर बास येत होता. हे त्यांचे निरीक्षण निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले. स्पीकरच गेला असता तर बटण कुठेही नेले तरी खर्ज परत आला नसता.

मिरजेच्या माणसाने जवारीबद्दल केलेली तक्रार मी हलक्याने घेत नाही. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जी जवारी लावतात, तिच्यामुळे एकाच तारेतून मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांची मोठी मालिका सतत उमलत राहते. बुवांची पट्टी काळी एक. म्हणजे त्यांच्या तंबोऱ्याची जोडाची तार सुमारे १३९ हर्ट्झला, पंचम १०४ हर्ट्झला आणि खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास बोलतो, तर जवारीची झळाळी काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेली असते. पट्ट्याचे खालचे आणि वरचे असे दोन्ही टोक एकाच वेळी दबले, तर मधला गाण्याचा भाग शाबूत राहूनही तंबोरा डब्यात ठेवल्यासारखा वाटेल. ऐकताक्षणी माझाही समज तोच झाला. गायकाचे शब्द स्वच्छ होते आणि व्हॉल्यूम पुरेसा होता, पण आवाजाला बूडही नव्हते आणि शेंडाही नव्हता.

झाकण उघडल्यावर टोन कंट्रोलचा परिपथ लगेच ओळखू आला. प्रत्येक चॅनेलला आधी एक ट्रान्झिस्टरचा टप्पा, त्यापुढे १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे नेणारा), आणि मग ४५५८ या आयसीतल्या, सिग्नल वाढवणाऱ्या ऑप-अ‍ॅम्पभोवती बांधलेले बॅक्सँडॉल पद्धतीचे टोन कंट्रोल. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथे काम करणाऱ्या पीटर बॅक्सँडॉल यांनी ही रचना 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाच्या ऑक्टोबर १९५२ च्या अंकात मांडली. त्यांनी ती व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळीवर) दाखवली होती. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग आयसी आल्या, तरी तिचे तत्त्व तसेच राहिले, आणि बास-ट्रेबलची दोन बटणे असलेल्या असंख्य अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये आजही हीच रचना सापडते.

या प्रकरणाचे मर्म त्या रचनेतच असल्यामुळे ती थोडी सविस्तर सांगतो. बुवांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बासचा पॉट १०० किलोओहमचा होता. त्याचे एक टोक १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून आत येणाऱ्या सिग्नलला आणि दुसरे टोक तशाच १० किलोओहममधून ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला जोडलेले होते. मधला पाय, म्हणजे वायपर, आणखी एका रेझिस्टरमधून ऑप-अ‍ॅम्पच्या उलट्या (इन्व्हर्टिंग) इनपुटला जात होता. वायपर आणि प्रत्येक टोक यांच्यामध्ये ४७ नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर होता. अशा जोडणीत परिपथाचा गुणक (आउटपुट इनपुटच्या किती पट) एका साध्या भागाकाराने ठरतो: वायपरपासून आउटपुटकडचा एकूण अडथळा भागिले वायपरपासून इनपुटकडचा एकूण अडथळा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर भागाकार एक येतो आणि आवाज जसा आला तसाच पुढे जातो. बटण उजवीकडे फिरवले की वायपर इनपुटच्या बाजूला सरकतो, खालचा आकडा लहान आणि वरचा मोठा होतो, आणि बास वाढतो. डावीकडे फिरवले की बरोबर उलटे घडते.

हा फरक फक्त खालच्या स्वरांनाच का लागू पडतो, याचे उत्तर कपॅसिटरमध्ये आहे. ४७ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरचा अडथळा १०० हर्ट्झला सुमारे ३४ किलोओहम, १ किलोहर्ट्झला ३.४ किलोओहम आणि १० किलोहर्ट्झला जेमतेम ३४० ओहम असतो. याचा अर्थ असा की वरच्या स्वरांना पॉट जणू दिसतच नाही. ते कपॅसिटरमधून आडवाटेने निघून जातात आणि त्यांच्या वाट्याला दोन्हीकडचे सारखे १० किलोओहम तेवढे उरतात. खालच्या स्वरांना मात्र कपॅसिटरची वाट जवळजवळ बंद असते, त्यामुळे त्यांना पॉटमधूनच जावे लागते आणि वायपर जिथे असेल तसा निवाडा स्वीकारावा लागतो. ट्रेबलच्या पॉटची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या वायपरच्या मार्गात २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे, जो खालच्या स्वरांना अडवतो आणि फक्त वरच्या स्वरांना त्या पॉटपर्यंत पोहोचू देतो. या मूल्यांनुसार बटण पूर्ण उजवीकडे नेल्यास बास १०० हर्ट्झला आणि ट्रेबल १० किलोहर्ट्झला प्रत्येकी सुमारे ११ डेसिबलने वाढतो.

आता तपासणीचा भाग. मोबाइलवरील टोन जनरेटरमधून एकेक वारंवारता सोडून, दोन्ही बटणे मधोमध ठेवून, ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटचे मोजमाप घेतले. साधा मल्टिमीटर काही शे हर्ट्झच्या पलीकडे एसी व्होल्टेज खात्रीने दाखवेलच असे नाही, म्हणून ही सगळी मोजमापे ऑसिलोस्कोपवर केली. १ किलोहर्ट्झला गुणक जवळजवळ एक आला. १०० हर्ट्झला आवाज सुमारे ४ डेसिबल खाली, ७० हर्ट्झला ६ डेसिबल खाली, ५० हर्ट्झला पावणेआठ डेसिबलच्या आसपास खाली, आणि दुसऱ्या टोकाला १० किलोहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल खाली होता. ७० हर्ट्झला ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज बरोबर निम्मे, आणि बुवांचा खर्ज नेमका तिथेच बोलतो. त्यांनी "खर्ज गेला" म्हणून सांगितले ते कानाचे निदान आणि स्कोपवरचा आकडा एका जागी येऊन मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला.

दोन्ही बटणे मधोमध असताना दोन्ही टोके दबतात, आणि तीही दोन्ही चॅनेलमध्ये, यावरून संशय पॉटवरच आला. बासचा पॉट सोल्डर सकरने मोकळा करून बाहेर काढला आणि उलटा करून पाहिला. धातूच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'ए १०० के' असा ठसा होता. दांडा बरोबर मधोमध ठेवून मल्टिमीटरने मोजले, तर वायपरपासून एका टोकापर्यंत १४.६ किलोओहम आणि दुसऱ्या टोकापर्यंत ८४ किलोओहम. ट्रेबलच्या पॉटची कथाही तीच.

येथे पॉटच्या दोन जाती समजून घ्याव्या लागतात. लिनियर पॉटमध्ये दांडा जितका फिरतो तितक्याच प्रमाणात रोध बदलतो, त्यामुळे मधोमध आले की दोन्हीकडे निम्मे-निम्मे होते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या पॉटवर त्याची खूण 'बी' असते. लॉग पॉटवर 'ए' असते, आणि त्याचा रोध पहिल्या अर्ध्या फेरीत अगदी सावकाश, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतच वाढतो. उरलेला सगळा दुसऱ्या अर्ध्यात भराभर येतो. काही जुन्या युरोपीय पॉटवर मात्र 'ए' चा अर्थ लिनियर असा असतो, त्यामुळे केवळ ठशावर विसंबून राहणे मला कधीच पुरेसे वाटत नाही. दांडा मधोमध ठेवून मोजायला अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट डाग देण्याआधी घालवायचे असते.

लॉग पॉट बॅक्सँडॉल परिपथात बसवला की वरचा भागाकार कसा बिघडतो ते पाहा. बटण मधोमध असताना आउटपुटच्या बाजूला १० अधिक १५, म्हणजे २५ किलोओहम, आणि इनपुटच्या बाजूला १० अधिक ८५, म्हणजे ९५ किलोओहम. अगदी खालच्या वारंवारतेला गुणक जवळजवळ पाव, म्हणजे साडेअकरा डेसिबलची घट. जशी वारंवारता वाढते तसे कपॅसिटर मध्ये येऊन ही घट सौम्य करतात, पण खर्जापर्यंत पोहोचेतो नुकसान झालेले असते. बटणावर "०" लिहिलेल्या जागी प्रत्यक्षात बास आणि ट्रेबल दोन्ही चांगलेच कापलेले होते. खरा शून्य सरकून घड्याळातल्या दोनच्या जागी गेला होता, आणि तिथून पुढे उरलेल्या थोड्या फेरीत सगळी वाढ कोंबलेली होती. बुवांना बटण शेवटाकडे नेल्यावर बास एकदम अंगावर आल्यासारखा वाटे, त्याचे कारण हेच.

मेकॅनिकने असे का केले असावे, याचा विचार मी पुष्कळ केला, कारण त्याला अडाणी ठरवून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. आवाजाच्या कामात लॉग पॉट वापरायचा, हा या धंद्यात पाठ झालेला नियम आहे, आणि व्हॉल्यूमच्या बाबतीत तो अगदी बरोबरही आहे, कारण आपला कान आवाजाची पातळी गुणोत्तराने ओळखतो. शिवाय टोन कंट्रोलचाही एक प्रकार असा आहे की ज्यात लॉग पॉटच हवा. बॅक्सँडॉल यांच्या आधी, १९४९ मध्ये, 'वायरलेस वर्ल्ड' मासिकातच ई. जे. जेम्स यांनी केवळ रेझिस्टर आणि कपॅसिटर वापरून, अ‍ॅम्प्लिफायरचा फीडबॅक (आउटपुटकडून मागे आणलेला सिग्नल) न घेता चालणारी जोडणी दिली होती. त्या जोडणीत वाढवण्याची ताकद मुळात नसते. आधी सगळाच सिग्नल सुमारे दहापट खाली आणतात आणि मग जो पट्टा वाढवायचा असेल तो कमी कापतात. साहजिकच तिथे सपाट आवाजाची जागा रोधाच्या मध्यावर नसून दहाव्या हिश्श्याजवळ असते, आणि लॉग पॉटची मधली स्थिती नेमकी तिथेच पडते. ज्याने अशा जुन्या जोडण्या हाताळलेल्या आहेत, त्याच्या हाताला टोन कंट्रोल म्हटले की लॉग पॉटच लागतो. बोर्डवर ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटपासून पॉटच्या टोकापर्यंत परत येणारी वाट त्याने पाहिली असती, तर त्याच्याही लक्षात आले असते की येथे दोन्ही बाजू सममित आहेत आणि मध्य म्हणजे खरोखरच मध्य असायला हवा.

खरखरीचे कोडे अजून बाकी होते. ती फक्त उजव्या चॅनेलमध्ये आणि फक्त बासच्या बटणाला येत होती. ट्रेबल कितीही फिरवला तरी काहीच नाही. पॉट घाणेरडा झाला असता, तर चार महिन्यांच्या नव्या पॉटमध्ये, आणि तेही एकाच बाजूला, असे होणे विचित्र आहे. पॉटच्या आतल्या रोधाच्या पट्टीवर डीसी, म्हणजे स्थिर एकदिश, व्होल्टेज आले की मात्र असे होते. वायपर पट्टीवरून सरकताना त्याचा स्पर्श सूक्ष्मपणे तुटत-जुळत असतो, आणि तिथे डीसी असेल तर प्रत्येक तुटीचा एक झटका आवाजात उमटतो. ट्रेबलच्या वायपरमागे कपॅसिटर आहे, तो डीसी पुढे जाऊ देत नाही. बासच्या वायपरमागे तसा पहारेकरी नाही.

मोजल्यावर तेच निघाले. कपलिंग कपॅसिटरच्या पुढे, जिथे डीसी शून्य असायला हवे, तिथे डाव्या चॅनेलमध्ये काही मिलिव्होल्ट, तर उजव्यात तब्बल ०.४ व्होल्ट. ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटवर बास मध्यावर असताना उणे ०.४ व्होल्ट आणि बास पूर्ण वाढवल्यावर उणे ०.८ व्होल्टच्या जवळपास. (हे आकडे पॉट बदलल्यानंतर पुन्हा घेतलेले आहेत.) १० मायक्रोफॅरडचा तो जुना इलेक्ट्रोलिटिक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे ११ व्होल्ट अडवायचे काम सोडून थोडे-थोडे झिरपू देत होता. दिसायला तो अगदी ठणठणीत होता, फुगलेला नाही की गळलेला नाही, म्हणून कोणाची नजर त्याच्याकडे गेली नाही. पहिल्या दिवसापासून दोष याच कपॅसिटरचा होता. जुना पॉट बहुधा निर्दोष होता. नव्याकोऱ्या गुळगुळीत पट्टीने खरखर काही महिने झाकून ठेवली, इतकेच.

दुरुस्तीच्या दोन भागांपैकी कपॅसिटरचा भाग सोपा होता. दोन्ही चॅनेलमध्ये इलेक्ट्रोलिटिक काढून २.२ मायक्रोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर बसवले. मूल्य कमी केल्याने बास कापला जाईल का, हे आधी तपासले. बास पूर्ण वाढवलेल्या स्थितीत या टप्प्याचा इनपुट रोध जवळपास ५ किलोओहमपर्यंत उतरतो, आणि त्या हिशेबाने कपॅसिटरची सीमा, म्हणजे जिच्याखाली स्वर दबू लागतात ती वारंवारता, १५ हर्ट्झच्या आसपास येते. खर्जापासून ती पुष्कळ दूर आहे. पॉलिएस्टर कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिकसारखा वयाबरोबर झिरपू लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. त्याचा आकार मात्र बराच मोठा असतो, त्यामुळे दोन्ही कपॅसिटर बोर्डवर आडवे झोपवून घट्ट करावे लागले.

पॉट मिळवायला वेळ लागला. १०० किलोओहमचा लिनियर, दुहेरी (एकाच दांड्यावर दोन्ही चॅनेलचे दोन भाग असलेला), लांब दांड्याचा पॉट जवळच्या दुकानांत नव्हता. लॉग मात्र सगळीकडे होता. वायपर आणि टोक यांच्यात जादा रेझिस्टर लावून लॉग पॉटला लिनियरसारखे वळवण्याची एक जुनी क्लृप्ती आहे, पण मी ती टाळली. तसे केल्याने पॉटचा एकूण रोध आणि त्यावर ठरणाऱ्या सगळ्या सीमा बदलतात, आणि दुहेरी पॉटच्या दोन्ही भागांत सारखेपणा येत नाही तो नाहीच. हा सारखेपणा किती महत्त्वाचा आहे ते त्या आठ दिवसांत दिसलेच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून माल येईपर्यंत बुवांना मी बटणे दोनच्या जागी ठेवून ऐकायला सांगितले होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला: "खर्ज आला, पण तो डावीकडेच बसलाय." लॉग पट्टीच्या त्या चढावर दोन्ही भाग एकमेकांशी जुळत नव्हते. एकीकडे वायपर मध्याच्या थोडा अलीकडे, दुसरीकडे थोडा पलीकडे, आणि तेवढ्यावर अगदी खालच्या पट्ट्यात दोन चॅनेलमध्ये सुमारे २ डेसिबलचा फरक पडत होता.

लिनियर पॉट आल्यावर बसवण्याआधी चारही भाग मधोमध मोजले. सगळे ४८ ते ५२ किलोओहमच्या आत होते. जोडणी करून पुन्हा तीच मोजमापे घेतली: ५० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत, बटणे मध्यावर असताना, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत. उजव्या चॅनेलचे डीसी काही मिलिव्होल्टवर आले आणि बास या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी स्पीकर शांत राहिला.

अ‍ॅम्प्लिफायर घेऊन बुवांकडे गेलो तेव्हा त्यांनी माझ्या आकड्यांकडे पाहिलेही नाही. स्वतःचा तंबोरा काढला, काळी एकमध्ये लावला, एका तारेखालचा दोरा नखाने किंचित पुढे सरकवला आणि जवारी खुलेपर्यंत तार छेडत राहिले. मग त्याच तंबोऱ्याचे काही वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण लावले आणि खऱ्या तंबोऱ्याशी पडताळत डोळे मिटून ऐकले. दोन्ही बटणे मधोमध होती. बऱ्याच वेळाने त्यांनी बासचे बटण मध्यापासून जरासे, घड्याळातल्या साडेबारापर्यंत, उजवीकडे नेले आणि म्हणाले, "पहाटे हळू लावतो मी. तेव्हा एवढा लागेल."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने अधिकच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले आहे. टोन कंट्रोल काढून टाकून सिग्नल सरळ पुढे न्यावा, असा आग्रह धरणारे अनेक जाणकार मला भेटतात. ध्वनिमुद्रण जसे आहे तसे ऐकावे हे मलाही मान्य आहे. पण शेजाऱ्यांची झोप न मोडता पहाटे ऐकणाऱ्या माणसाच्या खोलीत ते "जसे आहे तसे" पोहोचतच नाही, आणि ती तूट भरून काढायला खालच्या पट्ट्यात एक-दोन डेसिबलची मोजकी मदत देणारे बटण मला आवश्यक वाटते. अट एवढीच की मध्य कुठे आहे हे त्या बटणाने खरे सांगावे.

निघण्यापूर्वी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर लिहिले: "बास व ट्रेबल पॉट: १०० के, लिनियर (बी), दुहेरी. लॉग बसवू नये. खरखर आल्यास आधी कपलिंग कपॅसिटरच्या पुढचे डीसी मोजावे." खाली तारीख टाकली आणि स्क्रू आवळले.